चार तासांच्या आत यायचंय: पेसरच्या झेंड्यामागं पळावं की घड्याळावर?

दिवाळी उरकली की परभणीत कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर पहाटे पळणारे वाढतात. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला नाव दिलेले लोक मग हिशेब मांडायला लागतात. ज्यांच्या एक-दोन फुल मॅरेथॉन (४२.१९५ किलोमीटर) झाल्यात, जे सव्वाचार तासांच्या आसपास अडकलेत आणि ज्यांना यंदा चार तास फोडायचेच आहेत, त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. पेसरच्या बसमध्ये शिरावं, की आपलं आपण घड्याळावर जावं? पेसर म्हणजे वेळेचा झेंडा घेऊन ठरलेल्या वेगानं पळणारा, आणि त्याच्यामागं पळणारा घोळका म्हणजे त्याची बस.

मी दोन्ही करून बघितलंय. बूट, जेल, लाँग रन यावर इथं काही लिहीत नाही, ते तुम्हाला पाठ असणार.

बसवाल्यांचा पहिला पुरावा नेहमी व्हिएन्नाचा. १२ ऑक्टोबर २०१९ ला तिथं केनियाच्या एल्युड किपचोगेनं ४२.१९५ किलोमीटर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत संपवले. दोन तासांची भिंत माणसानं पहिल्यांदा तिथं ओलांडली. दिमतीला ४१ पेसर होते. एका वेळी सात जण पळायचे, पाच पुढं उलट्या 'व्ही'च्या आकारात आणि दोन मागं, आणि ठरल्या जागी दुसरी तुकडी आत यायची. पुढच्या गाडीतून रस्त्यावर लेझरची रेघ पडत होती, कुणी किती पुढं राहायचं ते दाखवायला. त्याआधी मे २०१७ मध्ये इटलीतल्या मोन्झाच्या ट्रॅकवर असाच प्रयत्न २:००:२५ वर राहिला होता. एवढ्या मोठ्या माणसाला पेसर लागतात, तर आपण कोण लागून गेलो, असं बसवाले म्हणतात.

ऐकायला बिनतोड आहे. पण जरा आकडे बघा. दोन तासांत संपवणारा किलोमीटरला २ मिनिटं ५० सेकंदांनी पळतो, म्हणजे ताशी एकवीस किलोमीटर. चार तासांसाठी आपल्याला ५:४१ लागतात, बरोबर निम्मा वेग. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं बदलतो, म्हणजे आपल्याला तो चौथा हिस्साच. त्या पाच जणांच्या आडोशानं त्याची जी ताकद वाचली, ती आपली वाचणार नाही. समोरून जोराचा वारा असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय तिथं एका माणसासाठी ४१ पेसर होते. आपल्याकडं एका पेसरमागं चाळीस माणसं असतात.

तरी सोबतीला किंमत नाही असं मी म्हणणार नाही, आणि बीडच्या शेजारी राहून तर म्हणूच नये. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे मूळचा स्टीपलचेसचा, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीचा. त्यातला गोपाळ सैनींचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम त्यानं २०१८ मध्ये मोडला. नोव्हेंबर २०२० मध्ये तोच दिल्लीत हाफ मॅरेथॉनला उतरला आणि १:००:३० मध्ये आला. एकसष्ट मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय. त्या दिवशी जिंकणारा ५८:५३ मध्ये आला होता आणि अविनाश दहावा होता. पुढं अशी माणसं पळत असली की पायांना आपोआप समजतं, हे मान्य. शिवनाथ सिंगांनी १९७८ मध्ये जालंधरला २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन काढली आणि पुढची चाळीस वर्षं उलटली तरी तो राष्ट्रीय विक्रम जागचा हलला नाही. त्यामागं बरीच कारणं असतील. पण देशातल्या देशात तेवढ्या वेगानं शेवटपर्यंत बरोबर पळणारी चार माणसं न मिळणं हे त्यातलं एक असावं, असा माझा आपला अंदाज.

आता दुसरी बाजू. २०१८ च्या बर्लिन मॅरेथॉनमध्ये किपचोगेचा शेवटचा पेसर पंचविसाव्या किलोमीटरलाच बाजूला झाला. पुढचे सतरा किलोमीटर तो एकटा पळाला आणि २:०१:३९ चा विश्वविक्रम केला. पहिला अर्धा भाग ६१:०६ चा, दुसरा ६०:३३ चा. म्हणजे एकटा पडल्यावर वेग वाढला. शिकागोत २०२३ मध्ये केनियाच्याच केल्विन किप्टमनं २:००:३५ केले, तेही तसंच. पहिला अर्धा ६०:४८, दुसरा ५९:४७. तिसाव्या किलोमीटरनंतर सोबतचा गडी मागं पडला आणि उरलेला रस्ता त्यानं एकट्यानं मारला. हा पोरगा पुढच्याच फेब्रुवारीत अपघातात गेला, चोवीस वर्षांचा होता. तो राहता तर काय काय दिसलं असतं, याची चर्चा आमच्यात अजून होते.

असो. मोठ्यांच्या उदाहरणांनी दोन्ही पारडी भरता येतात, त्यावरून काही ठरत नाही. माझं ठरलं ते पाण्याच्या टेबलावर.

बसमध्ये पळताना पहिले काही किलोमीटर मजेत जातात. पेसर गप्पा मारतो, घोषणा होतात, कुणीतरी मोबाइलवर गाणी लावतं. मग पाण्याचं टेबल येतं आणि पंचवीस-तीस माणसं एकदम डावीकडं वळतात. रेशनच्या दुकानात रॉकेल यायचं तेव्हा जी गत व्हायची तीच. समोरचा एकदम थांबतो, मागचा तुमच्या टाचेवर येतो. खाली पाणी सांडलेलं, त्यात बाटल्यांची झाकणं, पाय पडला की घसरतो. वाटणारी पोरं बिचारी दोन्ही हातांनी देत असतात, पण दोन हातांनी तिसांना कसं पुरणार? बाटली मिळालीच तर झाकण घट्ट. दातानं उघडून दोन घोट घेईपर्यंत झेंडा पन्नास मीटर पुढं गेलेला असतो, कारण पेसरचं पाणी त्याच्या पाठीवर आहे आणि त्याला थांबायचं नाही. त्याची काही चूक नाही, तो ५:४१ ला बांधलेला आहे. मग तुम्ही ५:१०, ५:१५ नं पळून त्याला गाठता. दम परत बसतो न बसतो तोच पुढचं टेबल.

पहिल्या निम्म्यात हे काही वाटत नाही. पंचविसाव्या किलोमीटरनंतर प्रत्येक पाठलाग पोटऱ्यांत जमा होत जातो. मग माणूस करतो काय, तर टेबल सोडतो. झेंडा हुकायला नको म्हणून पाणी हुकवतो. आपल्याकडच्या माणसाला हे फार महागात पडतं. आपला सराव डिसेंबरातल्या कोरड्या थंडीत झालेला, परभणीत पारा दहाच्या खाली जातो तेव्हा. आणि शर्यत मुंबईच्या दमट हवेत. देवगिरी एक्स्प्रेसनं सीएसएमटीला उतरलं की पहाटेसुद्धा अंगाला चिकचिक होते. तिथं दोन टेबलं सोडली की पस्तिसाव्या किलोमीटरला पेडर रोडच्या चढावर मांडीत गोळा येतो आणि झेंडा आपला आपण लांब जातो.

व्हिएन्नात लेझर आणि पेसरचं सगळं ऐकवलं जातं, पण किपचोगेला पाणी सायकलवरून आणून हातात दिलं जात होतं, ते कुणी ऐकवत नाही. ती वेळ अधिकृत विक्रम म्हणून धरली गेली नाही त्याच्या कारणांत मधेच बदलणारे पेसर होते, तसंच हे पाणीही होतं. टेबलाकडं वळायचंच नसेल तर बसमध्ये बसायला माझीही ना नाही.

घड्याळावर पळताना हीच गोष्ट एकदम सोपी होते. बस पुढं जाऊ द्यायची, टेबल रिकामं होऊ द्यायचं, आणि शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या पोराकडं हात करायचा. तिथं गर्दी नसते आणि त्याला झाकण सैल करून ठेवायला वेळ मिळालेला असतो. चालत पाच-सहा पावलं, सगळं पाणी पोटात, की परत आपला वेग. कुणाला गाठायचं नसतं.

घड्याळाचीही कटकट आहेच. जीपीएसचा किलोमीटर रस्त्यावरच्या पाटीच्या आधी वाजतो, आणि हा फरक वाढत जातो. मार्ग मोजतात तो सगळ्यात आखूड रेषेनं, वळणाच्या आतल्या कडेनं, आणि आपण गर्दीतून नागमोडी जातो. त्यात उंच इमारती असल्या की घड्याळ आणखी भरकटतं. शेवटी घड्याळात ४२.६ भरले तर ५:४१ ची सरासरी दिसूनही तुम्ही चार तासांच्या वर दोन मिनिटं जाता. म्हणून घड्याळावर जायचं तर ५:३८ धरून चला, ऑटो लॅप (घड्याळानं आपोआप किलोमीटर मोजणं) बंद करा आणि प्रत्येक पाटीला बोटानं लॅपचं बटण दाबा. तिसाव्या किलोमीटरनंतर डोक्यात बेरीज-वजाबाकी होत नाही, तेव्हा मनगटावर पांढऱ्या चिकटपट्टीवर बॉलपेननं लिहून न्या: १० ला ५६:५०, हाफला १:५९:५०, ३० ला २:५०:३०, ४० ला ३:४७:२०. नुसत्या कातडीवर लिहिलं तर मुंबईच्या घामात दादरपर्यंत पुसून जातं.

आणि एकटेपणा. तो आहे, त्याला औषध नाही. पण खरं सांगू का, जिंतूर, सेलू, हिंगोली, वसमत इकडं फुलचा सराव करणारा माणूस एकटाच असतो. पहाटे पाचला ऊसाच्या ट्रॉल्या चुकवत, कपाळावर बॅटरी बांधून, कडेच्या मुरमावरून तीस किलोमीटर एकट्यानं काढणाऱ्याला शर्यतीत चाळीस माणसांच्या घोळक्याचीच जास्त अडचण होते. घोळक्यात पळायचा सराव त्यानं कधी केलेला नसतो. संभाजीनगरात किंवा लातुरात मोठ्या ग्रुपबरोबर रविवार काढणाऱ्यांचं वेगळं आहे. त्यांना बस मानवते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पहिलीच फुल असेल तर मी बस सांगेन. सुरुवातीला उधळणाऱ्यांनाही बसच सांगेन, कारण घड्याळ नुसतं वाजतं आणि पेसर दटावतो. शर्यतीत पाणी पाठीवर घेऊन पळायची सवय असेल तर माझी तक्रार तुम्हाला लागूच नाही, खुशाल झेंड्याखाली पळा. पण सव्वाचारवरून चारच्या आत यायचंय, एकट्याचा सराव पक्का आहे आणि पाणी टेबलावरच घ्यायचंय, तर माझा कल कुठं आहे ते एव्हाना लपलेलं नाही.

दोन्हीतलं थोडं थोडं हवं असेल तर उभं राहताना बसच्या मागं रांग धरा. तुमची वेळ नंबरावरची चिप मोजते, ती सुरुवातीच्या रेषेवरची चटई ओलांडल्यापासून. पेसरनंतर वीस-तीस सेकंदांनी चटई ओलांडली तर चिपच्या वेळेत तेवढं अंतर तुमचं हक्काचं. ते अंतर मिटवायला जाऊ नका. झेंडा दिसत राहतो, आणि टेबलापाशी तुम्ही पोचता तेव्हा गर्दी पांगलेली असते.