सिंगापूर टूर चांगली, पण त्या देवळाला वीस मिनिटं?

आईला घेऊन बीडच्याच एका टूरवाल्यासोबत सिंगापूर करून आलो, ५ पैकी ४ स्टार. हॉटेल स्वच्छ, बस टायमावर, रोज वरणभात. कापलेला एक स्टार थियान हॉक केंग देवळासाठी, कारण कागदावर नुसतं "चायनीज टेम्पल, फोटो स्टॉप" लिहिलेलं अन् वेळ वीस मिनिटं!

अहो ते फोटोपुरतं देऊळ नाही. चीनच्या फुजियानमधून हॉक्केन लोक पोटासाठी जहाजानं यायचे, समुद्र पार करून जिवंत पोचलो म्हणून उतरल्या उतरल्या आधी माझूच्या पाया पडायचे, ही समुद्रात राखण करणारी देवी. १८२१ च्या आसपास तिथं साधं छोटं देऊळ होतं, आताचं मोठं बांधलं १८३९ ते १८४२ मध्ये, मूर्ती १८४० ला चीनवरून आणली. तान टॉक सेंग या व्यापाऱ्यानं लई मोठी देणगी दिली, त्यांच्या नावाचं हॉस्पिटल आजबी चालू आहे. लाकडाचं काम सगळं खाचेत खाच बसवून, खिळा नाही, आपल्याकडं हेमाडपंती देवळात चुन्याशिवाय दगड बसवलेत तसंच की. अन् समुद्र कुठंय म्हणून मी शोधायलो तर समोर नुसते टॉवर, गाइड म्हणला तेलोक आयर स्ट्रीट म्हणजे तेव्हाचा किनाराच, नंतर भराव टाकून समुद्र मागं सारला.

दारातला उंबरा चांगलाच उंच. त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचं, हे आईला कुणी सांगावंच लागलं नाही. आत गेल्यावर ती म्हणली, "हे बी आपल्या ऊसतोडीवाल्यांसारखेच की रं, घर सोडून आलेले." आमच्या गावातनं दसरा झाला की ट्रक भरून माणसं कारखान्याला जातात, जाताना देवीला नारळ फोडून जातात, त्यामुळं मला पुढं काही बोलायलाच सुचलं नाही. तेवढ्यात बसचा हॉर्न. मागं ग्वानयिन या दयेच्या देवीची मूर्ती आहे ती बघायचीच राहिली, अन् त्याच रस्त्यावर तमिळ मुसलमानांनी १८२८ ते १८३० मध्ये बांधलेला नागोर दर्गा आहे, तो तर बसमधूनच दिसला.

शॉपिंगला मात्र अडीच तास दिले. पुढच्या बॅचवाल्यांनो, पैसे भरायच्या आधीच सांगा की त्यातला एक तास इकडं द्या, देवळात तिकीट बी नाही.