अकरावीला गणित घ्यावं का? दहा दिवसांच्या ब्रिज कोर्सचा अनुभव

पाचपैकी साडेतीन. दीड कापले ते शेवटच्या दिवसाचे.

थोरलीला दहावीला बीजगणितात ४० पैकी ३६, भूमितीत २४. मराठी माध्यम. अकरावी सायन्सला गणित ठेवायचं की नुसत्या बायोलॉजीवर भागवायचं, यावरून घरात महिनाभर किरकिर. शेवटी मे महिन्यात सात रस्त्याजवळच्या एका क्लासला ब्रिज कोर्सला, म्हणजे दहावी-अकरावीमधलं अंतर भरून काढणाऱ्या छोट्या कोर्सला घातलं. फी १,५००. वर्ग वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रा. सोलापूरचं मेमधलं ऊन ठाऊक असेल तर सकाळचीच बॅच मागून घ्या.

पहिल्या दिवशी पालकांना मागं बसू देतात, म्हणून मीही बसलो. माझा टॉवेलचा कारखाना. आमच्याकडे कोन म्हणजे सुताचा, सूत गुंडाळायचा शंकूसारखा. सरांनी स्टीलच्या डब्याचं झाकण घेतलं, मधल्या ठिपक्यापासून कडेपर्यंत दोरा मापला, तेवढाच तुकडा कापून कडेवर वाकवून बसवला आणि त्याच्या दोन्ही टोकांपासून ठिपक्यापर्यंत रेघा ओढल्या. "मधल्या ठिपक्याशी झालेला हा कोन म्हणजे एक रेडियन. अंशात साधारण ५७." मग पोरांना अख्ख्या कडेवर तसे तुकडे लावायला सांगितलं. सहा बसले आणि थोडी फट उरली. त्या फटीवरून वर्ग पाच मिनिटं भांडत होता. रात्री पोरगी सुताच्या रिकाम्या कोनाच्या बुडाला दोरा गुंडाळत बसलेली. तिथंही सहा आणि फट!

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे अवकलन (डिफरन्शिएशन, एखादी गोष्ट किती वेगानं बदलते ते काढणं) आधी शिकवलं. गणिताच्या पुस्तकात ते दुसऱ्या भागात पार शेवटी येतं, पण फिजिक्सला दुसऱ्याच धड्यात लागतं. मराठी माध्यमाच्या पोरांची निम्मी अडचण शब्दांचीच असते. स्पर्शिकाही टॅन्जंट आणि टॅन थीटाही टॅन्जंट, यात आमची दोन दिवस अडकली होती. सरांनी वर्तुळ काढून दोन्हींचं नातं दाखवलं तेव्हा सुटली.

शेवटच्या दिवशी मात्र ऑफिसात बोलावून दोन वर्षांचं पॅकेज गळ्यात मारायला बघितलं. "गणित सोडलं की सगळी दारं बंद." असं कसं? इंजिनिअरिंगला गणित लागतं हे खरं, पण बी.फार्म.ला बायोलॉजीवरूनही जाता येतं, हे मला टॉवेलवाल्याला माहीत आहे. सांगायचं तर हे सांगायचं होतं की इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, सीईटीत, फिजिक्स-केमिस्ट्रीचा प्रश्न एका मार्काचा आणि गणिताचा दोन मार्कांचा, म्हणजे २०० पैकी १०० गणिताचेच. इंजिनिअरिंगला जायचं आणि गणित ओढूनताणून करायचं, हे जमत नाही. ते काही कुणी बोललं नाही.

पोरीनं गणित ठेवलं, बायोलॉजी सोडली. पॅकेज घेतलं नाही. फीची पावती तेवढी मागून घ्या, आपणहून देत नाहीत.