होस्टिंग आणि इंटरनेट एकाच महिन्यात बदललं : आठ महिन्यांनंतरचा अनुभव (आणि मोडीची प्रश्नचिन्हं)

वाशी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच्या दुपारी, १५ जानेवारीला, आमच्या राउटरवरचा ‘लॉस’चा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, दिवा लाल झाला आणि पुढचे अकरा दिवस लालच राहिला. बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. खांबावरून घराघरात जाणाऱ्या वायरी आणि गच्चीवरचे पतंग यांचं वैर दरवर्षीचं. आमच्या वायरीत कुणाचा तरी पतंग अडकला, समोरच्या गच्चीवरच्या पोराने तो सोडवायला मांजा हिसडून ओढला, आणि वर सगळे ‘लपेट, लपेट’ ओरडत असताना खाली माझं इंटरनेट गेलं. वायर तुटली नव्हती. खांबावरच्या क्लिपेपाशी तिला काटकोनात घडी पडली होती. फायबर म्हणजे काचेचा तंतू. त्याला अशी घडी पडली की उजेड तिथूनच गळतो, घरापर्यंत पोचत नाही. हे मला लाइनमनने मीटर लावून दाखवलं. उजेडाचं माप उणे २७ पर्यंत चालतं म्हणाला, आमच्याकडे उणे ३४ येत होतं.

मीटर लावला तो सहाव्या दिवशी. आधीचे पाच दिवस फोनवर एकच उत्तर, ‘काले सवारे आवी जईश, बेन’. गुजरातीत उद्याही ‘काले’ आणि गेलेला कालही ‘काले’. सासूबाई म्हणाल्या, “तो खरंच बोलत असेल गं, काल येऊन गेला असेल.” ॲपवर तीनदा तक्रार टाकली, तिन्ही वेळा ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’ असा मेसेज आला. आणि सहाव्या दिवशी दोष सापडल्यावरही काम झालं नाही, कारण नवा जोड द्यायला स्प्लायसिंगचं मशीन लागतं आणि ते मशीन गावभर फिरत होतं. उत्तरायणात वायरी एकट्या आमच्याच गेल्या नव्हत्या, हे मान्य. पण अकरा वर्षं दर महिन्याला वेळेवर पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकाला रांगेत थोडं पुढे घ्यायला काय हरकत होती? तिथेच ठरवलं, बदलायचं.

हे एवढंच केलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

त्याच आठवड्यात होस्टिंगवाल्यांचं, म्हणजे माझी साइट ज्यांच्या सर्व्हरवर भाड्याने ठेवली होती त्यांचं, मेल आलं. मी २०१९ पासून मोडी लिपीचे धडे देणारी छोटीशी साइट चालवते. आजेसासऱ्यांच्या वह्यांची स्कॅन केलेली पानं, सरावाचे तक्ते, आणि जमाखर्चातल्या ६४० शब्दांचा कोश : मोडीत शब्द, देवनागरीत शब्द, अर्थ. तीन वर्षांपूर्वी महिना ११९ रुपयांनी घेतलेला प्लॅन ३१ जानेवारीला संपत होता आणि नूतनीकरणाचा भाव होता ४४९. बँकेत अठ्ठावीस वर्षं काढली आहेत, गुणाकार आपोआप होतो. पूर्वी तीन वर्षांचे जीएसटी धरून ५,०५५ झाले होते. आता १९,०७३. सामान तेच, जागा तीच, आणि भाव पावणेचारपट. नव्या होस्टिंगवाल्यांची ऑफर होती तीन वर्षांचे ५,२०० च्या आसपास, वर ‘साइट आम्ही फुकट हलवून देऊ’. फुकट शब्द वाचल्यावर मी पुढची ओळ वाचली नाही. आमच्या यांनी विचारलं, “आधी इंटरनेट तरी सुरू होऊ दे की?” मी म्हटलं, ३१ तारीख थांबणार आहे का?

आता इथे पतंगाचा संबंध कसा येतो तो बघा. साइट हलवण्याआधी पूर्ण बॅकअप घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायचा असतो, हे मला माहीत होतं. तो बॅकअप ४.६ जीबीचा. माझ्या मोबाइलवर दिवसाला दीड जीबी. फाइल एकसंध, आज अर्धी उद्या अर्धी अशी उतरत नव्हती. म्हणून म्हटलं, जाऊ दे, ते सर्व्हरवरून सर्व्हरवर नेणारच आहेत. त्या ४.६ जीबीतली जवळपास सगळी जागा स्कॅन केलेल्या पानांनी खाल्ली होती आणि ती पानं तर माझ्याकडे कपाटात होती. ज्यात सगळे शब्द होते तो डेटाबेस फक्त ९ एमबीचा होता. वेगळा उतरवला असता तर हॉटस्पॉटवर मिनिटभराचं काम. हे मला फेब्रुवारीत कळलं.

२४ जानेवारीला साइट नव्या जागी उघडली. प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी तीन-तीन चिन्हांचा कचरा. डोक्यावर फराटा असलेला इंग्रजी ए, त्यामागे कसलीतरी खूण, आणि दर चार अक्षरांमागे जपानी येनचं चिन्ह. दीर्घ ईकार असेल तिथे तर येनच्या पाठोपाठ युरो. पैसे मी रुपयांत भरले होते. सपोर्टच्या चॅटवर लिहिलं तर उत्तर आलं, ब्राउझरची कॅश, म्हणजे त्याने साठवलेली जुनी पानं, साफ करा. केली. येन आणि युरो तिथेच.

ज्यांना हे नवं आहे त्यांच्यासाठी : यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटांत बसतं. सर्व्हरने ते तीन बाइट लॅटिनची तीन वेगळी अक्षरं आहेत असं समजून दाखवले की हा कचरा होतो. दिसायला भयानक, पण आत मजकूर शाबूत असतो. योग्य कॅरेक्टर सेट सांगून पुन्हा आयात केलं की सगळं जिथल्या तिथे. तिसऱ्या चॅटला एका मुलाला हे समजलं आणि २७ तारखेला साइट मराठीत दिसू लागली. मी वरवर चार पानं पाहिली, खूश झाले. ३१ ला जुनं होस्टिंग संपू दिलं. एक दिवसाचेही पैसे जास्त दिले नाहीत याचं तेव्हा समाधान वाटलं, खोटं कशाला सांगू.

१९ फेब्रुवारीला एका विद्यार्थिनीचा मेसेज आला, “ताई, कोशात मोडीच्या रकान्यात सगळीकडे प्रश्नचिन्हं का आहेत?”

६४० च्या ६४० शब्द. शब्दात काना-मात्रा धरून पाच चिन्हं असली तर पाच प्रश्नचिन्हं, तीन असली तर तीन. शेजारी देवनागरी ठणठणीत, अर्थ ठणठणीत. मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीत, आली २०१४ साली, आणि तिला जागा मिळाली ती पार लांबच्या पट्ट्यात, जिथे एकेका चिन्हाला तीन नव्हे, चार बाइट लागतात. मायएसक्यूएल या डेटाबेस चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘यूटीएफ-८’ नावाने जो प्रकार वर्षानुवर्षं चालला तो प्रत्यक्षात तीनच बाइट घेतो. चारही हवे असतील तर ‘यूटीएफ८एमबी४’ असं वेगळं सांगावं लागतं. माझ्या जुन्या टेबलांत ते होतं. पण साइट हलवताना डेटा बाहेर काढणाऱ्याने साधं यूटीएफ-८ लिहिलं, आणि मोडीचं प्रत्येक अक्षर दारातच प्रश्नचिन्ह होऊन बाहेर पडलं. येन-युरोवाला कचरा परत मराठी होतो. प्रश्नचिन्ह मात्र खरोखरचं प्रश्नचिन्ह असतं, त्याच्या पोटात काही उरलेलं नसतं. पहिल्या दिवशीच्या कचऱ्यातही ती होती. त्या गर्दीत मला दिसली नाहीत.

जुन्या होस्टिंगवाल्यांना विचारलं. खातं संपल्यावर पंधरा दिवसांनी डेटा पुसतात. मला उशीर झाला होता चार दिवस.

या एका गोष्टीवरून मी या होस्टिंगला तेव्हा पाचपैकी एक तारा दिला होता. लोकांनी लिहिलं की बाई, वेग चांगला आहे, साइट कधी बंद पडत नाही, एसएसएल फुकट आहे, मोडीचं एवढं काय घेऊन बसलात. खरं आहे. वेग चांगला आहे. साइट बंद पडत नाही. जुन्या ठिकाणी एसएसएलचे, म्हणजे साइट सुरक्षित दाखवणाऱ्या प्रमाणपत्राचे, वर्षाला पैसे घेत, इथे लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट लागतं. पण मोडीच्या साइटवर मोडीच नाही म्हटल्यावर वेग घेऊन काय करू?

डोमेनचं, म्हणजे साइटच्या नावाचं, थोडक्यात. तेही जुन्यांकडेच होतं, ११ मार्चला संपणारं. हलवण्याआधी शहाणपणा करून खात्यातलं आडनावाचं चुकलेलं स्पेलिंग सुधारलं, तर डोमेन ६० दिवस कुलूपबंद. मालकाचं नाव बदललं की चोरी टाळण्यासाठी तसा नियम आहे आणि मी खाली न वाचता टिक केलं होतं. म्हणजे २१ मार्चपर्यंत हलवता येईना आणि ११ मार्चला मुदत. १,१९९ आणि वर जीएसटी देऊन त्यांच्याकडेच एक वर्ष वाढवलं. नेमसर्व्हर, म्हणजे त्या नावाची साइट कुठे आहे ते सांगणारे, नव्याकडे वळवले आहेत, काम चालतं. त्या भानगडीत मेल कुठल्या सर्व्हरकडे पोचवायची ते सांगणारे एमएक्स रेकॉर्ड टाकायचे राहिले आणि दोन दिवसांची मेलं गेली ती गेलीच.

इथपर्यंतचं मी मे महिन्यात लिहून ठेवलं होतं. तेव्हाचा निकाल असा होता : नवं इंटरनेट उत्तम, नवं होस्टिंग रद्दी, जुना केबलवाला त्याहून रद्दी. आता सप्टेंबर आहे आणि त्यातलं निम्मं खोडावं लागतंय.

नव्या इंटरनेट कंपनीने २६ जानेवारीला सुट्टी असून दोन तासांत जोडणी दिली. वर्षाचे पैसे एकदम घेतले. वेग जितका सांगितला तितका येतो, आमच्या दीड फुटी भिंतींमागे येत नाही, त्याला ते तरी काय करणार. पाच महिने एक दिवस तक्रार नाही. मग जुलैत एका रात्रीच्या पावसात लाइन गेली आणि अडीच दिवस आली नाही. कॉल सेंटरवरची मुलगी फार गोड बोलत होती. “आपल्या भागात तांत्रिक बिघाड आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व,” हे तिने मला सहा वेळा सांगितलं. पण ती कुठे बसली आहे, रावपुरा तिला माहीत आहे का, कोण येणार, कधी येणार, काही नाही. इकडे शेजाऱ्यांचं जुन्या केबलवाल्याचं इंटरनेट चालू. त्यांच्याकडून पासवर्ड मागून घेतला. पहिल्याच दिवशी त्यांची लाइन थोडी गडबडली तर तोच आमचा लाइनमन रेनकोट घालून स्कूटरवर तासाभरात हजर. मला बघून म्हणाला, “केम बेन, नवुं सारुं चाले छे ने?” मी म्हटलं, हो, छान चालतंय. त्याच्या हातात शेजाऱ्यांचं राउटर होतं आणि माझ्या मोबाइलवर त्यांचं वायफाय.

त्याला चहा दिला. जुन्या कंपनीशी डिपॉझिटवरून झालेलं भांडण त्याने काढलं नाही, मीही नाही. ते भांडण असं : १,५०० रुपये डिपॉझिट, आणि राउटर परत करताना ॲडॅप्टर मूळचा नाही म्हणून ३५० कापले. मूळचा ॲडॅप्टर २०१९ मध्ये त्यांच्याच माणसासमोर जळला होता आणि नवा मी १८० ला आणला होता. म्हणजे माझा ॲडॅप्टर ठेवून घ्यायचा आणि वर मलाच दंड. आधी तक्रार नोंदवून तिचा नंबर घेतला, मग कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अर्ज केला. प्रत्येक कंपनीला ते ठेवावंच लागतं, आणि त्याची फी नाही. तरी नाही झालं तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर लिहून ठेवलाच होता. ४१ व्या दिवशी पूर्ण १,५०० जमा झाले. ३ टक्क्यांनी धरलं तरी ४१ दिवसांचं ५ रुपये ५ पैसे व्याज निघतं. ते सोडून दिलं.

होस्टिंगचं मत मात्र उलट्या बाजूने बदललं. ऑगस्टमध्ये दुसऱ्याच कशासाठी तरी रात्री साडेअकराला चॅट उघडलं आणि सवयीने प्रश्नचिन्हांचं रडगाणं गायले. पलीकडच्या मुलाने कॅश साफ करायला सांगितलं नाही. त्याने विचारलं, “मॅम, देवनागरीचा रकाना पूर्ण आहे ना? मग या लिपीचा तक्ता मला द्याल?” मी क पासून ळ पर्यंत तक्ता पाठवला. त्याने अक्षरागणिक देवनागरीवरून मोडी भरणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली, आधी टेबल चार बाइटांचं करून घेतलं, आणि पहाटे दोन वाजता सहा महिन्यांनी माझ्या कोशात पुन्हा मोडी दिसली. हे त्याचं काम नव्हतं. प्लॅनमध्ये असलं काही लिहिलेलं नाही. मी जागून बघत बसले होते. सासूबाई पाणी प्यायला उठल्या आणि म्हणाल्या, कुणाचं काय झालं गं?

एक ताऱ्याचे साडेतीन केले आहेत. चार दिले असते, पण स्क्रिप्टने दिलेली मोडी ही आजच्या शुद्धलेखनाची मोडी आहे. वह्यांत मोडी लिहिणारा ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर करत नाही, एकाच वेलांटीत दोन्ही भागवतो, आणि मी मूळ कोशात शब्द वहीत होते तसेच टंकले होते. ते आता एकेक करून पुन्हा वहीशी ताडून बसवते आहे. ६४० पैकी ४१८ झाले. दर रविवारी डेटाबेस पेनड्राइव्हवर उतरवते, ९ एमबी.

नव्या इंटरनेटचं वर्ष २६ जानेवारीला संपतं, म्हणजे पुढचं उत्तरायण यांच्याकडेच काढायचं आहे. वायर आता गच्चीवरून काढून जिन्याच्या भिंतीला धरून घेतली आहे. क्लिपांचे १२० रुपये वेगळे घेतले.