देवद्वार छंद: सात महिन्यांच्या वापरानंतर

कॉलेजपासून मी चारोळ्या लिहायचे. हात इतका बसला होता की दुसऱ्या ओळीत 'आठवण' आली की चौथीत 'साठवण' आपोआप यायची. गेल्या श्रावणात वैतागून सोडल्या. महिनाभर हायकू करून पाहिला. शिरीष पैंनी मराठीत रुजवलेला प्रकार, सुंदरच आहे, पण तीन ओळींच्या त्या 5-7-5 अक्षरांमध्ये माझ्या घरातली माणसं शिरेचनात. फांदी, पाऊस, चिमणी, संपलं.

मग देवद्वार. सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. नाव पडलं ज्ञानेश्वरांच्या हरिपाठातल्या 'देवाचिये द्वारी'वरून. एकूण 22 अक्षरं, त्यात प्रेमबिम म्हणायला जागाच उरत नाही. मला तेच हवं होतं.

जानेवारीत गिझर चालू राहिल्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. माझी सकाळची शिफ्ट, त्यामुळे डबा नवरा भरतो. दुसऱ्या दिवशी उघडला तर पोळीला तेल लागू नये म्हणून लोणच्याची वेगळी पुडी.

डब्यात लोणचे
वेगळ्या पुडीत
राग त्या घडीत
ठेवलेला

चारोळी असती तर यात 'रुसवा' आलाच असता.

तक्रारी आहेत. शेवटच्या चार अक्षरांत फार वेळा असं 'ठेवलेला', 'राहिलेली' येऊन बसतं. माझ्या निम्म्या कविता तशाच संपतात. शिवाय मोजणी कागदावरची. बोलताना 'लोणचं' दोन ठोक्यांत उडतं, इथे तीन अक्षरं धरायची. 'डब्यात'मधला 'त' बोलताना अर्धा, मोजताना पूर्ण. त्यामुळे नुसती वाचली की कविता लंगडते. बोलीभाषेत लिहिणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. चालीवर म्हटली तर मात्र चोख बसते.

हे मला सासूबाईंमुळे कळलं. त्यांना वरची कविता वाचून दाखवली, तर त्यांनी भाजी निवडता निवडता ती हरिपाठाच्या चालीवर म्हटली. दोनदा. मग म्हणाल्या, "छान आहे गं. पण ती पुडी मी बांधली होती. त्याला कुठलं सुचतंय!"

'सासूबाई' बरोबर चार अक्षरं. शेवटच्या चरणात घालून पाहिलं, छंद बसतो. अर्थ फारच वेगळा होतो.