तयार नमुना न देणारी कलाकार्यशाळा: एका वर्गशिक्षिकेचा अभिप्राय

आमच्या पाचवीच्या वर्गासाठी बाहेरच्या एका गटाने सत्रभर कलेची कार्यशाळा घेतली. आधी माती, मग ठसेछपाई, कोलाज आणि शेवटी सावल्यांच्या बाहुल्या. वर्गशिक्षिका म्हणून मी प्रत्येक तासाला मागच्या बाकावर बसून होते. अशी कार्यशाळा शाळेने घ्यावी का, असं ओळखीच्या शिक्षिका आणि पालक विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते. घ्यावी, असंच माझं मत आहे. मात्र गणिताचे गुण वाढतील या आशेने घेऊ नये.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे या ताई तयार नमुना दाखवत नाहीत. हस्तकलेच्या तासाला एरवी काय होतं ते आपण जाणतो. फळ्याशी एक सुबक फुलपाखरू टांगलेलं असतं आणि तास संपेपर्यंत वर्गभर तीच फुलपाखरं होतात, कुणाचं नीट, कुणाचं वाकडं. इथे टेबलावर मातीचा गोळा आणि एकच सूचना होती: हातात मावेल आणि आधाराशिवाय उभं राहील असं काहीही करा. 

‘आधाराशिवाय उभं राहील’ या एवढ्याशा अटीने वर्ग ढवळून निघाला. एका मुलाने जिराफ करायला घेतला. मान लांब, पाय काडीसारखे. ठेवला की कोसळायचा. तो रडवेला झाला. माझा हात पुढे जाणार होता, पण ताई शेजारी बसल्या आणि त्यांनी विचारलं, “वजन कुठे जास्त आहे?” त्याने मान आखूड केली, तरी पडला. पाय जाड केले, तर म्हणाला, हा हत्ती दिसतोय. शेवटी त्याने जिराफाला पाय दुमडून खाली बसवलं आणि मान पुन्हा हवी तेवढी लांब केली. हा मुलगा भागाकार अडला की वही मिटून टाकतो. इथे तो पाऊण तास एकाच अडचणीशी झटत होता आणि मार्ग त्याचा त्यानेच काढला. ताईंनी त्याच्या मातीला बोटही लावलं नव्हतं.

पुढच्या तासाला मुलं आली तेव्हा बऱ्याच कपांचे कान सुटून खाली पडले होते. असं का झालं, यावर आधी मुलांनाच बोलू दिलं. कुणी म्हणालं पाणी कमी पडलं, कुणी म्हणालं नीट दाबलं नाही. मग कळलं, की माती सुकताना आकसते. कान बारीक म्हणून लवकर सुकतो, कप सावकाश, आणि नुसता वरून चिकटवलेला जोड ती ओढ सहन करत नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंना चरे पाडायचे, पाण्यात कालवलेली पातळ माती मधे भरायची आणि मग दाबून बसवायचं. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मुलांनी ऐकून सोडून दिलं असतं. तुटलेला कान हातात होता म्हणून कारण लक्षात राहिलं.

नऊ-दहा वर्षांच्या वयाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ही कार्यशाळा पाचवीला का हवी याचं उत्तर तिथे आहे. लहान मूल बेधडक चित्र काढतं. या वयात मात्र चित्र ‘खऱ्यासारखं’ दिसावं अशी ओढ लागते, हात तेवढा तयार नसतो, आणि “मला चित्रकला येत नाही” हे वाक्य सुरू होतं. मुलांच्या चित्रांतले हे टप्पे कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 मध्येच मांडले होते. आमच्याही वर्गात अशी वाक्यं म्हणणारी मुलं होती. ठसेछपाईत त्यांची भीती चेपली. मऊ फोमच्या पाटीवर पेन्सिलने दाबून रेघा काढायच्या, रोलरने रंग फिरवायचा, कागद ठेवून चोळायचा. कागद उचलेपर्यंत काय उमटलंय ते कुणालाच दिसत नाही. आपलं नाव उलटं छापलेलं पाहून सगळा वर्ग चकित झाला, आणि दुसऱ्या ठशाला प्रत्येकाने अक्षरं आरशातल्यासारखी लिहायचा प्रयत्न केला. चित्रकला येत नाही म्हणणारी एक मुलगी पाटीवर चुकून पडलेल्या ओरखड्यातून पाऊस काढत बसली होती.

बक्षीस नाही, क्रमांक नाही, तारा नाही, हेही मला मनापासून पटलं. काही पालकांना ते खटकलं. त्यांना मी 1973 च्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेली बालवाडीतली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते नंतर अचानक दिलं आणि काहींना काहीच दिलं नाही. थोड्या दिवसांनी मोकळ्या वेळेत पाहिलं, तर आधी बक्षीस कबूल केलेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. या ताई “छान” असंही फारसं म्हणत नाहीत. “हा हिरवा कसा मिळवलास?” असं विचारतात, आणि मूल भरभरून सांगू लागतं.

आता गुणांचा मुद्दा. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात 42 शाळांमधल्या दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर एक मोठा अभ्यास झाला. कोणत्या शाळांना जास्तीचे कलानुभव द्यायचे हे सोडतीने ठरवलं होतं. 2019 मध्ये आलेल्या निष्कर्षांत अशा शाळांत शिस्तभंगाच्या तक्रारी 3.6 टक्के बिंदूंनी घटल्या, लेखनाचे गुण सुधारले आणि इतरांबद्दलची आस्थाही वाढलेली दिसली. गणितात आणि वाचनात मात्र उल्लेखनीय फरक दिसला नाही. म्हणून ‘बुद्धी वाढवा, गुण वाढवा’ अशी जाहिरात करणाऱ्या कार्यशाळांपासून मी चार हात लांब राहते. या गटाने असं आश्वासन दिलं नाही, याबद्दल त्यांचा आदर वाटतो.

माझ्या वर्गात लेखनातला बदल मलाही जाणवला. सावल्यांच्या बाहुल्यांसाठी गटागटाने गोष्ट रचायची होती. बाहुली दिव्याजवळ नेली की सावली मोठी होते हे कळल्यावर एका गटाने आपली गोष्टच बदलली: मुंगी हळूहळू राक्षसाएवढी होते. निबंधाला चार ओळींच्या पुढे न जाणाऱ्या मुलांनी त्या मुंगीचे संवाद पुन्हा पुन्हा खोडून लिहिले, कारण पडद्यामागे ते त्यांना खरंच बोलायचे होते.

उणिवाही आहेत. चाळीस मुलांना दोनच ताई होत्या, आणि मातीच्या तासाला मागच्या टेबलांकडे फार उशिरा लक्ष गेलं. पंधरा मुलांमागे एक तरी मोठं माणूस हवंच. डावखुऱ्या मुलांसाठी वेगळ्या कात्र्या नव्हत्या. साधी कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून फाकतात, कागद कापला न जाता दुमडतो आणि मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. कोलाजचा अख्खा तास दोघा मुलांनी असा कष्टात काढला, आणि हे टाळता आलं असतं. वेळही अपुरा पडला. माती बाहेर काढणं आणि शेवटची आवराआवर यांतच अर्धा तास जातो, त्यामुळे एका तासिकेत हे बसत नाही.

प्रदर्शनाचा आग्रह आमच्याच बाजूने झाला होता. तारीख ठरताच मुलं “हे चांगलं दिसतंय का?” असं विचारू लागली आणि नवं काही करून पाहणं थांबलं. सत्रातले हे शेवटचे तास सर्वांत निस्तेज गेले.

पुढच्या सत्रासाठी आम्ही याच गटाला पुन्हा बोलावलं आहे. दोन तासिका सलग देणार आहोत, वर्ग दोन तुकड्यांत विभागणार आहोत आणि डावखुऱ्यांच्या कात्र्या यादीत सगळ्यात वर लिहिल्या आहेत. प्रदर्शन नाही. त्याऐवजी पालकांनी चालू तासाला यायचं, मुलाशेजारी बसायचं आणि स्वतःचा वेगळा मातीचा गोळा घ्यायचा. मुलाच्या गोळ्याला हात लावायचा नाही, हे निमंत्रणातच लिहिलं आहे.