सेलिएकच्या घरात घरघंटी: बेळगाव भागातल्या वापराचं परीक्षण

सेलिएकचं, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते त्या आजाराचं, निदान झालं की घरात पहिला निर्णय होतो तो हा: गहू बंद, आता जोंधळ्याची भाकरी. बेळगाव, बैलहोंगल, सौंदत्ती, अथणी या पट्ट्यात हे अवघड वाटत नाही, कारण जोंधळा ताटात आधीपासूनच आहे आणि खानापूरकडे भात नि नाचणी. तरीही वर्षभरानं तपासणी केली तर काहींची टीटीजी अँटिबॉडी (रक्तातली सेलिएकची खूण) म्हणावी तशी उतरलेली नसते, पोट फुगतंच, हिमोग्लोबिन चढत नाही. डॉक्टर विचारतात, गहू कुठून जातोय? ताटात शोधून तो सापडत नाही. अनेकदा तो गिरणीत असतो.

म्हणून हे परीक्षण घरघंटीचं. एक अश्वशक्तीची मोटार, सिंगल फेज, आत दगडाऐवजी पोलादी पाती, भोवती बदलता येणारी जाळी आणि खाली पीठ पडायला स्टीलचा डबा, अशी जी कपाटाएवढी चक्की दुकानात दिसते तीच. वेगवेगळ्या कंपन्यांच्या चक्क्यांत फरक बराचसा रंगाचा, चाकांचा आणि दिव्यांचा असतो. सेलिएकच्या दृष्टीनं जे महत्त्वाचं आहे ते सगळ्यांत जवळपास सारखंच आहे, म्हणून कंपनीचं नाव इथे घेतलेलं नाही.

आधी गिरणीचं गणित. गव्हाच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ८ ते १० ग्रॅम ग्लूटेन असतं. एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमानुसार ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणून विकायच्या मालात किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन चालतं. आता गव्हाचं दळप संपल्यावर गिरणीच्या दगडात, नळीत आणि पीठ पडणाऱ्या कापडी तोंडात मिळून मूठभर, समजा ५० ग्रॅम, पीठ उरलं आणि पाठोपाठ तुमचा ५ किलो जोंधळा पडला. म्हणजे ४ ते ५ ग्रॅम ग्लूटेन ५ किलोत मिसळलं: किलोमागे ८०० ते १००० मिलिग्रॅम, मर्यादेच्या चाळीस-पन्नास पट. अशा पिठाच्या तीन भाकऱ्या खाल्ल्या की दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आसपास ग्लूटेन पोटात गेलं. रोज ५० मिलिग्रॅम सलग तीन महिने गेलं तरी आतड्याच्या अस्तराला इजा होते, हे चाचण्यांत दिसलेलं आहे. १० मिलिग्रॅमच्या आत बहुतेकांना त्रास होत नाही.

काही गिरण्यांत जोंधळ्याची चक्की वेगळी असते. फरक पडतो, पण पुरेसा नाही. त्याच चक्कीत शेजारचे लोक गहू घातलेलं मिश्र दळपही टाकतात, पीठ झाडायचा ब्रश एकच असतो, तराजूचं पातेलं एकच असतं, आणि दिवाळीच्या आधी चकलीच्या भाजणीची रांग लागली की कुठली चक्की कशाची हे कुणी पाळत नाही. गिरणीवाल्याचा यात दोष नाही. त्याचं काम पीठ पाडण्याचं आहे, चिमटीएवढं पीठ मोजण्याचं नाही. गिरणीशिवाय इलाजच नसेल तर सकाळचं पहिलं दळप आपलं लावा, आधी आपलेच दोन किलो साधे तांदूळ दळून ते पीठ गुरांना घाला आणि मग जोंधळा टाका. यानं गहू कमी होतो, जात नाही.

घरघंटीचा खरा फायदा एवढाच, की तिच्यात गहू कधीच जाणार नाही याची खात्री घरातला माणूस देऊ शकतो. पण ही खात्री दुकानातच मोडू शकते. दुकानदार डेमो दाखवतो तो गव्हावर. घरी जोडायला येणारा मेकॅनिकही पिशवीतून मूठभर गहू काढतो, कारण गहू सगळ्यांत सरळ दळला जातो आणि मशीन चांगलं दिसतं. म्हणून पैसे देण्याआधीच सांगा: डेमोचा पीस नको, खोक्यातला बंद पीस हवा, आणि घरी चालवून दाखवायला जोंधळा आम्ही देऊ. दुकानदार कन्नड बोलणारा असेल तर ‘गोधी बेड्री’ (गहू नको) एवढं म्हटलं तरी मुद्दा पोचतो. कारखान्यातही चाचणीसाठी काय दळलं असेल ते आपल्याला दिसत नाही, तेव्हा पहिले दोन किलो तांदूळ, एक-एक किलोच्या दोन फेऱ्यांत, दळून टाकून द्यायचे. दोन फेऱ्यांच्या मध्ये जाळी काढून ब्रश मारायचा आणि मशीनमधली, पीठ उडू न देणारी कापडी पिशवी बाहेर नेऊन झटकायची. जुनी, वापरलेली घरघंटी निम्म्या किमतीत मिळते म्हणून घेऊ नका. पाती आणि जाळी साफ होतात. पिशवीची शिवण, दाराचं रबर आणि धान्य सोडणाऱ्या पट्टीमागची फट मात्र होत नाही.

दळणाबद्दल. जोंधळ्याला हे मशीन तासाला साधारण ५ ते ७ किलो पीठ देतं, जाळी बारीक असेल तर कमी. तासाला एक युनिटच्या आत-बाहेर वीज लागते, म्हणजे खर्चाची तक्रार करायला जागा नाही. आवाज मात्र भरपूर आहे. टिळकवाडीच्या फ्लॅटमध्ये दुपारी दोनला लावली तर शेजारचे दार वाजवतील. प्लग १५-१६ अँपिअरचा आणि अर्थिंग असलेला हवा. खेडेगावात संध्याकाळी विजेचा दाब उतरतो तेव्हा मोटार घुमते, पण पाती फिरत नाहीत आणि आत धान्य अडकतं. पुन्हा बटण दाबत बसलात तर मोटार जळायची. बंद करा, प्लग काढा, दार उघडून आतलं धान्य हातानं रिकामं करा, मग रिकामं मशीन सुरू करून वेग आल्यावर धान्य सोडा. सुरुवात नेहमी रिकाम्यानंच करायची, दाब चांगला असला तरी.

जाळ्यांचे क्रमांक कंपनीगणिक बदलतात, तेव्हा क्रमांक पाठ करण्यापेक्षा भोकं बघा. भाकरीला बारीक जाळी लागते. मधल्या जाळीचं पीठ हाताला रवाळ लागतं, थापताना भाकरीच्या कडा फाटतात आणि घरातले म्हणतात मशीन वाईट. खरं सांगायचं तर भाकरीच्या बाबतीत दगडाचं पीठ सरसच असतं. पात्यांच्या पिठाला तेवढी मऊपणाची चव नाही. ही उणीव उकळत्या पाण्यानं बरीचशी भरून निघते. दोन वाट्या पिठाला साधारण एक वाटी कढकढीत पाणी घालून चमच्यानं कालवायचं, पाच मिनिटं झाकून मग हातानं जोर देऊन मळायचं. ग्लूटेन नसलेल्या पिठाला धरून ठेवतो तो शिजून चिकट झालेला स्टार्च, आणि तो थंड पाण्यात तयार होत नाही. दगडाची घरघंटीही मिळते, पण तिच्या दगडाला अधूनमधून टाकी लावून तो खरबरीत करावा लागतो आणि त्यासाठी येणाऱ्याची हत्यारं गिरण्यांतून फिरून आलेली असतात.

पीठ एका वेळी आठवड्याचंच दळा. चार माणसांच्या घराला ४-५ किलो पुरतात. जुन्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते आणि मग कितीही कढत पाणी घाला, भाकरी तव्यावर टाकताना तुटते. बाजरीचं पीठ तर दहा दिवसांत कडवट होतं, कारण तिच्यात तेल जास्त. दळल्यावर पीठ गरम असतं; लगेच झाकण लावलं तर आत घाम सुटून गठळ्या होतात, पुढे बुरशी. परातीत पसरून, वर सुती कापड टाकून निवू द्या.

पावसाळा हा या मशीनचा खरा शत्रू. जून ते सप्टेंबर खानापूर-बेळगाव भागात धान्य ओल धरतं, आणि ओलसर जोंधळा घातला की जाळी चोंदते, पीठ खाली न पडता आत फिरत राहतं, तापतं आणि जळका वास येतो. दाताखाली दाणा कट्कन तुटला तर दळायला योग्य. चावताना दबला तर नाही. ऊन नसेल तर कढईत मंद आचेवर थोडा गरम करून, पूर्ण निववून घ्या. चोंदलेल्या जाळीत सुई खुपसू नका, भोकं मोठी होतात आणि ती जाळी कायमची जाडी होऊन बसते. उलटी धरून आपटा, कोरडा ब्रश फिरवा. पाणी कुठेही लावायचं नाही. दर दळपानंतर जाळीमागचा भाग झाडला नाही तर आठवड्यात आत अळ्या होतात.

नाचणी बारीक असल्यानं पट्टीतून एकदम सुटते आणि मोटारीवर ताण येतो. पट्टी जवळजवळ मिटवून सोडा. तांदूळ उत्तम दळला जातो. चण्याची डाळ कडकडीत वाळलेली हवी, बेसन घरचं निघतं आणि ते महत्त्वाचं आहे, कारण सुट्या बेसनाची चक्कीही गव्हाची असू शकते. शेंगदाणे, तीळ, सोयाबीन अजिबात नाही. तेलानं जाळी लिंपली जाते. हळदीचे हळकुंड आधी कुटल्याशिवाय घातले तर पाती वाकतात, आणि मिरची दळली की पुढच्या तीन भाकऱ्यांना ठसका येतो.

एक गोष्ट मशीन सोडवत नाही: धान्यातच मिसळलेला गहू. आपल्याकडे शाळू आणि गहू दोन्ही रब्बीचे, मळणीयंत्र तेच, पोतीही तीच. गव्हाच्या एका दाण्यात ३-४ मिलिग्रॅम ग्लूटेन असतं, म्हणजे किलोभर जोंधळ्यात पाच-सहा दाणे राहिले की २० मिलिग्रॅमची मर्यादा गाठलीच. सुदैवानं पांढऱ्या गोल शाळूत लांबट तांबूस गहू लगेच दिसतो. बेळगावच्या रविवार पेठेतून पोतं आणा किंवा थेट शेतकऱ्याकडून घ्या, ताटात पसरून निवडल्याशिवाय मशीनमध्ये काही घालू नका. निवडून झाल्यावर धुऊन वाळवलं तर दाण्यावरची गव्हाची धूळही जाते. तांदळात आणि नाचणीतही हेच करायचं. ओट्समध्ये निवडून भागत नाही, तिथे पाकिटावर ग्लूटेनमुक्त लिहिलेलंच घ्यावं.

खपलीचं मात्र स्पष्ट सांगायला हवं, कारण हा तिचाच मुलूख. ‘जुना गहू आहे, पचायला हलका, यात ग्लूटेन नाही’ असं सांगून खपली विकली जाते. खपली हा गहूच आहे. तिच्यात ग्लूटेन आहे, आणि हुग्गीची (खपलीच्या खिरीची) एक वाटी सेलिएकवाल्याला चपातीइतकीच बाधते. सातूचंही (जवाचंही) तेच. तेव्हा ‘फक्त खीर आहे’ म्हणून खपली या घरघंटीत भरडली, तर मशीनवर केलेला खर्च त्याच दिवशी वाया गेला.

मग ही घ्यावी कुणी? घरात रोज भाकरी होते, दोन-तीन माणसं तरी ती खातात आणि बाकीच्यांचा गव्हाचा आटा पाकिटातून किंवा गिरणीतून येऊ शकतो, अशा घरानं जरूर घ्यावी. गव्हाचं पीठ हवेत बराच वेळ तरंगतं, म्हणून ते चाळायचं आणि मळायचं काम घरघंटीच्या खोलीत नको. ज्या एकत्र कुटुंबात ‘एवढं मोठं मशीन आणलंय तर गहूही दळू’ हा आग्रह टळणार नाही, त्यांनी घेऊ नये. त्यापेक्षा ग्लूटेनमुक्त छाप असलेलं ज्वारीचं बंद पाकीट घ्यावं. महाग पडतं, विरी कमी असते, पण खात्री असते. एकटा माणूस, आठवड्याला किलोभर पीठ, असं असेल तर नवा मिक्सर पुरतो: पाव-पाव किलोच्या फेऱ्या, मध्ये भांडं निवू द्यायचं, आणि मैद्याची चाळणी. ती चाळणी मात्र नवी, तिच्यातून मैदा कधी न गेलेली.

आणि घरघंटी आली तरी मसाल्याच्या डब्यातला हिंग बघायचा राहतोच. बांधणी हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं. तांदळाच्या पिठातला हिंग घ्यावा; खडा हिंगातही गव्हाचं पीठ असू शकतं, तेव्हा त्याचीही घटकांची ओळ वाचावी. दुकानातली तयार थालीपीठ भाजणी आणि नाचणी माल्ट यांची घटकांची ओळ वाचल्याशिवाय घेऊ नये. पहिल्यात गहू, दुसऱ्यात जवाचा माल्ट असू शकतो.

खरेदीच्या वेळी रंग आणि बटणं बघण्याऐवजी दुकानदाराला तीन सुट्या भागांबद्दल विचारा: कापडी पिशवी, जाळ्या आणि दाराचं रबर बेळगावात सुटं मिळतं का, की हुबळीहून मागवावं लागतं. पिशवी फाटली की पीठ खोलीभर उडतं, म्हणून एक जादा पिशवी त्याच दिवशी घेऊन ठेवा. वॉरंटीत मोटारीची वर्षं वेगळी आणि बाकीच्या भागांची वेगळी असतात. बिलावर दोन्ही लिहून घ्या. दुरुस्तीला माणूस आला की त्याच्या पिशवीतल्या गव्हाआधी आपला निवडलेला जोंधळा त्याच्या हातात ठेवा.