बायबॅक म्हणाले म्हणून सही केली आणि साडेसहा लाख घालवून बसलो

बेळगावात उद्यमबागेजवळ आमचं जुनं शेड रिकामं पडलेलं, त्यात रॅक लावून टाकीतल्या खताच्या पाण्यावर, एलईडी ट्यूबांच्या उजेडात लेट्युस (सॅलडची पालेभाजी) घ्या, गोव्याची हॉटेलं चोर्ला घाटाच्या पलीकडंच आहेत, महिन्याला १०० किलो निघेल, माल आम्हीच २०० रुपये किलोनं परत उचलतो, म्हणजे बायबॅक, असं सांगत एकजण आला आणि मी साडेसहा लाख दिले की. नाव लिहीत नाही, वकिलाकडं प्रकरण आहे.

पहिली बॅच त्यानं खरंच उचलली, पैसे पण दिले, तिथंच माणूस फसतो बघा.

मग पावसाळा लागला, शेडात नुसता दमटपणा, कोवळ्या पानांच्या कडा करपायला लागल्या. टिपबर्न म्हणतात त्याला. हवा खेळती नसली की पानातनं पाणी उडत नाही, मग टाकीत कितीही कॅल्शियम ओता, आतल्या पानापर्यंत ते पोचतच नाही. रॅकवर पंखे पाहिजे होते, ते कोटेशनमध्येच नव्हते. आणि एग्रीमेंटच्या चौथ्या पानावर इंग्लिशमध्ये बारीक लिहिलेलं, कडा करपलेला माल घेणार नाही! आता हे चुकून झालं म्हणायचं का, तुम्हीच सांगा.

पण माल सगळा चांगला निघाला असता तरी मी बुडालोच असतो. एलईडी आहे, बिल नावाला येतं म्हणाला. ३०० ट्यूबा, प्रत्येकी १८ वॅट, रोज १६ तास, म्हणजे महिन्याला २,६०० च्या आसपास युनिट, युनिटला ८ रुपये धरले तरी वीस हजाराच्या वर, आणि १०० किलोचे येणार वीस हजार. एसी, बिया, खत, पोरग्याचा पगार वेगळाच. हा गुणाकार मी सही करायच्या आधी केला नाही, बायको दोनदा म्हणाली होती.

त्या ट्यूबा पण साध्याच. लक्स मीटर ट्यूबला चिकटवून आकडा दाखवला, पण लक्स माणसाच्या डोळ्याचं माप, झाडाला पीपीएफडी लागतो, म्हणजे झाडाच्या कामाचा उजेड पानावर सेकंदाला किती पडतो त्याचं माप, लेट्युसला २०० च्या आसपास, तोही पानाच्या उंचीवर मोजलेला. नंतर ओळखीच्याकडनं मीटर आणून बघितलं तर ९०. कोण सेटअप विकायला आला तर किलोला किती युनिट जातात ते आधी कागदावर लिहून मागा, आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाचं बिल बघा, फोटो नको. आपल्याकडं हवा एवढी थंड, ऊन फुकट, शेडनेटमध्ये तेच लेट्युस होतंय की.

परवा निपाणीच्या एकाचा फोन आला, त्याला दाखवलेल्या व्हिडिओत माझंच शेड आहे, पहिल्या बॅचचं.